विषय: शेवग्याच्या बियांच्या तेलाऐवजी हिरवं सूर्यफूल तेल, आणि तुमचा कस्टमर केअर

तुमच्या माणसाने आत्ताच फोन कट केला म्हणून हे लिहितेय. ऑर्डर होती 'शंभर टक्के कोल्ड प्रेस शेवगा बी तेल' आणि पाल्याची पावडर. तेल हिरवंगार निघालं आणि सील फोडल्या फोडल्या खवट वास. बियांचं तेल फिकट पिवळं असतं आणि लवकर खवट होत नाही, म्हणून तर पूर्वी घड्याळाच्या यंत्रात घालायचे, हे तुम्हाला मी सांगायचं? बाटलीच्या मागे बारीक अक्षरात 'सूर्यफूल तेल, शेवगा पानांचा अर्क'. मग पुढच्या लेबलवरचं बी गेलं कुठं?

आता तो फोन. मी विचारलं तेल हिरवं का, तर म्हणे "मॅडम शेवगा हिरवाच असतो ना." मी म्हटलं अहो तेल बियांचं आहे, शेंग वाळली की बी तपकिरी होतं, आत पांढरा मगज, त्यात हिरवं काय आहे? तर हा म्हणतो, "मॅडम, तुम्ही शेवग्याचं झाड प्रत्यक्ष बघितलंय का?" मला! जत तालुक्यात राहते मी, बांधाला पीकेएम वन या शेवग्याच्या जातीची अख्खी ओळ आहे, शेंगा सांगलीला जातात, घरात शेंगांची आमटी नाहीतर पाल्याची भाजी चालूच असते. नाही हो, झाड कुठलं बघतेय मी, तुम्हीच एकदा दाखवा. मग होल्डवर टाकलं, गाणं ऐकवलं आणि परत येऊन म्हणे "ऑर्डर नंबर सांगा."

मगजात तेल साधारण 35 ते 40 टक्के, घाण्यावर त्याहून कमीच निघतं, त्यामुळे खरं तेल महाग असणार हे मान्य, म्हणूनच तुम्ही मागितले तेवढे पैसे मोजले. ते काय सूर्यफुलासाठी नव्हते.

पावडर तर चहापत्तीसारखी तपकिरी. पाला सावलीत वाळवतात, उन्हात टाकला की रंगही जातो आणि ज्या व्हिटॅमिन ए ची तुम्ही जाहिरात करता तेही जातं. आमच्याकडे शेजारची म्हातारी माणसंसुद्धा पाला घरात पसरतात, तुमच्या फॅक्टरीला जमत नाही?

तुमचं खोबरेल आम्ही कायम घ्यायचो, त्याच भरवशावर हे मागवलं. आता तेही बंद.

आणि परत सांगते, तेल हिरवं आहे, खवट आहे आणि बियांचं नाही. दोन्हीचे पूर्ण पैसे पाहिजेत, कूपन नको. आठवड्यात आले नाहीत तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि मग सांगलीचा ग्राहक आयोग, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. पुढच्या-मागच्या दोन्ही लेबलांचे फोटो जोडलेत. फोन करू नका, काय ते लेखी द्या.