पितळी जेटचा डबा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्धंच राहिलं. बाबा, तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणालात की मला कळतं काय ते. म्हणून सरळ लिहितेय. प्लॅनिंग ऑफिसातली जागा मी नको म्हणून कळवलं. एसी, दिवसपाळी, रविवारची सुट्टी, सगळं कबूल. पण मला विमानं दुरुस्त करतात त्या हँगरमध्येच राहायचंय.

"एवढं शिकवलं ते ग्रीसमध्ये हात घालायला का?" हे वाक्य तुमचं नाही, मामाचं आहे. बार्शीत तीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस असं बोलणार नाही.

सरला ठकराल यांनी १९३६ साली साडी नेसून जिप्सी मॉथ विमान उडवलं, हे मी सांगितल्यापासून आई सगळ्या गल्लीला सांगत सुटली आहे. सांगू दे. पण उडवणाऱ्या बायकांचे फोटो छापून येतात, पान्हा हातात घेतलेल्यांचे फारसे नाही. त्यातल्या एकीची गोष्ट खास तुमच्यासाठी, बाबा, कारण ती कार्बोरेटरची आहे. (आई, इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देतो तो भाग.)

बिअ‍ॅट्रिस शिलिंग. जन्म १९०९, इंग्लंडमधला. चौदाव्या वर्षी स्वतःची मोटरसायकल घेतली, खोलून परत जोडली. मँचेस्टरला इंजिनिअरिंग केलं. १९३४ मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी १०० मैलांहून जास्त वेगाने मोटरसायकल हाणली. १९३६ साली फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत लागली, तर आधी टेबलावर बसवून माहितीपुस्तकं लिहायला दिली. (मामाला आवडलं असतं.) तिथून ती इंजिनांकडे सरकली आणि दुसरं महायुद्ध लागलं तेव्हा कार्बोरेटरचं काम तिच्याकडे होतं.

आता भानगड ऐका. स्पिटफायर आणि हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानांना मर्लिन इंजिन, त्याला फ्लोटचा कार्बोरेटर. आत पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट, तो वर आला की नीडल, म्हणजे सुई, पेट्रोलची वाट बंद करते. वैमानिकाने झटकन नाक खाली घातलं की पेट्रोल चेंबरच्या वरच्या बाजूला जाऊन चिकटायचं आणि खाली जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, कोरडं. इंजिन एक आचका द्यायचं. तेवढ्यात फ्लोटही उलटा वागायचा, नीडल उघडी राहायची, पंप पेट्रोल ढकलतच राहायचा. मग ओव्हरफ्लो, काळा धूर, इंजिन गपगार. जर्मन विमानांत थेट इंजेक्शन असल्यामुळे ती खुशाल सूर मारून निसटायची. आपली जुनी स्कूटर सुरू झाली नाही की तुम्ही ती कलंडवून पेट्रोल जेटपर्यंत आणायचात ना? तेच, फक्त उलट्या बाजूने आणि मागे शत्रू लागलेला असताना.

शिलिंगबाईंनी केलं काय, तर पेट्रोलच्या लाइनमध्ये मधोमध बारीक भोक असलेला पितळेचा तुकडा बसवला. आई, शिवताना तू बोटावर टोपी चढवतेस ना, पहिला नमुना साधारण तसा. पुढे नुसता चपटा वॉशरच केला. भोकाचं माप असं काढलेलं, की पूर्ण ताकदीला लागेल तेवढंच पेट्रोल जाईल, थेंबभर जास्त नाही. पहिला आचका राहिलाच, पण इंजिन बुडायचं थांबलं. सगळ्यात भारी म्हणजे हे बसवायला विमान ताफ्यातून काढायची गरज नव्हती. १९४१ च्या सुरुवातीला ती छोटी टीम घेऊन हवाई तळांवर हिंडली आणि तुकडे बसवत गेली. वैमानिकांनी त्या वॉशरला तिच्या नावावरून एक चावट नाव ठेवलं होतं. ते पत्रात लिहीत नाही. पुढे नवे कार्बोरेटर आले, तोवर दोनेक वर्षं याच तुकड्याने निभावलं.

मागच्या आठवड्यात पहाटे साडेतीनला एका पाइपच्या जोडावर मला ओलसर डाग दिसला. पुसला, टॉर्च धरून वाट बघितली, तर परत ओला. सील बदललं, तपासलं, कागदावर सही केली. सहा वाजता लोक चढले, विमान गेलं. त्या सहीखाली माझा लायसन्स नंबर असतो, बाबा. ऑफिसात बसून मी फक्त कोणी कधी सही करायची त्याचं वेळापत्रक लावलं असतं.

रात्रपाळीचं म्हणशील तर आई, कंपनीची गाडी दारात सोडते आणि डबा मी वेळेवर खाते. बहुतेक वेळा.

एकच सांगायचंय. गॅरेज आवरताय असं दादा म्हणाला. कपाटावरचा पितळी जेटचा डबा भंगारवाल्याला देऊ नका. पुढच्या महिन्यात येतेय, तेव्हा घेऊन जाईन. आणि तो ३२ नंबरचा पान्हाही.

तुमची,
मनू