नरबळीच्या गोष्टी आणि सांडव्याचं काँक्रीट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला धरणांवरचा लेख वाचला. त्याच दिवशी लिहायला बसलो होतो, पण घरचे म्हणाले, आधी रक्तदाब उतरू द्या. अजून पुरता उतरलेला नाही.

लेखकमहाशयांना प्रत्येक धरणाच्या पोटात माणूस सापडला आहे. अमेरिकेतल्या हूवर धरणात मजूर गाडलेले आहेत, असे 'म्हणतात'. आपल्याकडे पायात पोर घातल्याशिवाय पाणी अडत नाही, असे 'जुनेजाणते सांगतात'. कुठले जुनेजाणते? माझी उभी नोकरी धरणांवर गेली, त्यातली उमेदीची वर्षं सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी सोडायच्या भागाच्या, काँक्रीटवर. मला विचारलं असतं तर चहा पाजून सांगितलं असतं.

काँक्रीट म्हणजे काही आडविहीर नव्हे, की वरून ढकललं आणि माणूस गडप. हातभर माल पडला की व्हायब्रेटरची सुई घालायची, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत गमबूट घालून त्याच मालात उभं राहायचं. दीडएक मीटरचा थर झाला की काम बंद. वर आलेली सिमेंटची साय हवा-पाण्याच्या फवाऱ्याने धुवायची, खडी उघडी पडली की मगच पुढचा थर. त्या खडीत विडीचं थोटूक दिसलं तरी आमचे उपअभियंता आकाशपाताळ एक करायचे; तिथे अख्खा माणूस कसा राहील? आणि राहिलाच तर देह कुजून पोकळी होणार, पाणी तिथूनच वाट काढणार. बळी दिल्याने धरण टिकत नाही, गळायला लागतं.

हूवरचं काँक्रीट १९३३ ते १९३५ मध्ये ओतलं, तेही सुट्या ठोकळ्यांत. एक बादली रिकामी केली की ठोकळ्यातली पातळी वीतभरही चढत नसे. त्या कामावर अधिकृत नोंदीनुसार ९६ जण गेले, हे खरं आणि वाईटच. पण भिंतीत कुणी राहिलेलं नाही. साचा कोसळून एकजण मालाखाली गेला, त्यालाही उकरून बाहेर काढलं. 'आतलं काँक्रीट अजून ओलंच आहे' ही तर कमाल! सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन होतं, आणि त्यात उष्णता निघते. एवढी भिंत आपोआप निवायला सव्वाशे वर्षं लागतील असा हिशेब होता, म्हणून तर आत नळ्या घालून गार पाणी खेळवलं आणि मग नळ्या ग्राउटने, म्हणजे पातळ सिमेंटने, बुजवल्या. लेखकांनी सव्वाशे वर्षं तेवढी उचलली, नळ्या गाळल्या.

माणसं खरोखर गाडली गेल्याचं उदाहरण हवंच असेल तर तेही देतो. अमेरिकेतलंच फोर्ट पेक धरण, साल १९३८. बांधकाम चालू असताना भराव घसरला, आठजण गेले, त्यातल्या सहांचे देह मिळालेच नाहीत. ते धरण मातीचं. आणि तो अपघात होता, विधी नव्हे.

पैठणच्या जायकवाडी धरणाला तुम्ही 'काँक्रीटचा राक्षस' केलंत. दहा किलोमीटरचा बांध, बहुतेक सगळा मातीचा. २७ दरवाजांचा सांडवा तेवढा पक्क्या बांधकामाचा. सोबतचा फोटो मात्र कमानीसारख्या वळलेल्या भिंतीचा, दोन्ही अंगांना कातळकडे. तसलं धरण पाण्याचा रेटा त्या कड्यांवर टाकून उभं राहतं. पैठणला असे कडे कुणी पाहिले असतील तर कृपया कळवावे.

एवढं चिडायला कारण आहे. ऐंशीच्या दशकात मी बीड जिल्ह्यात एका धरणावर होतो (नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत). सांडव्याला भेग गेली, साहेबाला पाच पोरं पाहिजेत, अशी आवई उठली. तशात आम्ही काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे ओल्या पोत्यात गुंडाळून जीपने प्रयोगशाळेला निघालो होतो. गावाच्या वेशीवर जीप अडवली. पोत्यातून पाणी ठिबकत होतं. "पोत्यात काय हाय रं?" आमचा ड्रायव्हर हसला, झालं. असा मार पडला की डाव्या कानाने त्याला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. औषधपाण्याला आम्ही वर्गणी काढली. शेवटी पोतं सोडलं तर आत नंबर टाकलेले चौकोनी ठोकळे. तरी एक म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, "आन् ह्याच्या आत काय हाय? फोडून दावा." घणाने एक ठोकळा फोडून दाखवला तेव्हा वाट मिळाली. पुढे मलाच वरून ज्ञापन, २८ दिवसांच्या चाचणीला एक ठोकळा कमी का, याचा खुलासा करावा.

त्या म्हातारीवर माझा राग नाही, तिला कोण सांगणार होतं? तुमच्याकडे तर छापखाना आहे. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला २०१८ साली मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं, ती बातमी तुम्हीच पहिल्या पानावर छापली होतीत. आता तुमचं कात्रण आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतंय, 'बघा, पेपरातच आलंय' म्हणून.

खुलासा छापणार असाल तर पुरवणीच्या त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा. जाहीर नोटिशींच्या खाली कोपऱ्यात नको.

जाता जाता आणखी एक. उन्हाळा आला की तुमचा मथळा ठरलेला: 'जायकवाडी शून्यावर'. शून्य होतो तो उपयुक्त साठा. त्याखाली साधारण २६ टीएमसी (अब्ज घनफूट) मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या तोंडाखाली उरणारं पाणी, असतो आणि दुष्काळात छत्रपती संभाजीनगरला पिण्याचं पाणी त्यातूनच उपसून दिलं जातं. एवढी एक ओळ मथळ्याखाली टाकायला जागा नसते का? मागे तो मथळा वाचून शेजारच्या मावशींनी घरातली पातेली, कळशा, लोणच्याची बरणीसुद्धा भरून ठेवली. आणि आम्ही पडलो परभणीचे, आमच्या नळाला येलदरी धरणाचं पाणी.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता, परभणी