आई आणि मी, भंडारदरा

प्रिय मनू,

फोनवर सांगितलं असतं तर घाईघाईत उरकलं असतं, म्हणून लिहायलाच बसले. आईला बुलेटवर मागे बसवून भंडारदऱ्याला नेलं गं! टेंट, स्लीपिंग बॅगा, तवा, पातेलं सगळं बंजी कॉर्डने करकचून बांधलेलं आणि मधे आई, पंजाबी ड्रेस, त्यावर बाबांचं जुनं जाड स्वेटर आणि हेल्मेट. नाशिकहून ७० किलोमीटरच्या आसपास. घोटीपर्यंत हायवे, मग डावीकडे वळलं की दोन्ही बाजूंना भाताची कापणी झालेली खाचरं आणि मस्त गार वारा. बारीला चहाला थांबलो तर समोर कळसूबाई, १६४६ मीटर, आई मान वर करून बघतच राहिली आणि म्हणाली पुढच्या वेळी वर जाऊ. तिचे गुडघे तुला माहितीयेत, पण मी हो म्हणाले.

शेंडीला धरण बघितलं, १९२६ ला पूर्ण झालेलं, आख्खं दगडी. अंब्रेला फॉलला पाणी नव्हतं, त्यामुळे तिथे फार रेंगाळलो नाही, सरळ रतनवाडीच्या रस्त्याने बॅकवॉटरला गेलो.

आणि खरी मजा तिथे. जमीन म्हणजे नुसता मुरूम, खुंटी आत जाईना. आईने माझ्या हातातून दगड घेतला, खुंटी तिरकी धरली, डोकं टेंटपासून लांब झुकलेलं, म्हणाली दोरी ओढते त्याच्या उलट कल दे, सरळ ठोकलेली उपटून येते. माहेरी गाई बांधायची ना ती! मग शेजारच्या शेतात जाऊन तिथल्या मावशींशी गप्पा मारून चांगला भारा भरून पेंढा घेऊन आली, टेंट उचलायला लावला आणि खाली जाड पसरला, कारण थंडी वरून नाही, जमिनीतून येते म्हणे. रात्री बाहेर कुडकुडायला होत होतं आणि आम्ही आत एकदम उबदार. तीन दगडांच्या चुलीवर पिठलं तिनेच केलं, मी फक्त फुंकर मारायला.

जेवण झाल्यावर ती बोलत सुटली. लग्नाआधी लुना चालवायची हे मला माहीत होतं, पण पेट्रोल संपलं की पेडल मारत घरी यायची, मैत्रिणीला डबलसीट घेऊन पार त्र्यंबकला गेली होती आणि घरी कुणाला पत्ता नव्हता, हे काहीच माहीत नव्हतं गं मला. लग्नानंतर ती लुना विकली, ही बाबांच्या स्कूटरवर मागे बसायला लागली आणि तुला चालवायचीये का असं पुन्हा कधी कुणी विचारलंच नाही. हे ती अगदी साधेपणाने सांगत होती, लाकडं सारत. मला मात्र फार लागलं ते. एवढी वर्षं मी तिच्यासमोर बाईक काढून जातेय आणि मीसुद्धा विचारलं नव्हतं.

सकाळी अमृतेश्वरला गेलो. देवळाच्या भिंतीवरचं कोरीव काम ती हात फिरवून फिरवून बघत होती, मला निघायची अजिबात घाई नव्हती. येताना रिकाम्या रस्त्यावर तिने थांबायला सांगितलं आणि क्लच कसा सोडायचा ते विचारलं, लुनाला गिअर कुठे होते! बुलेट तिला जड पडेल, म्हणून आता रोज संध्याकाळी दादाच्या जुन्या बाईकवर ग्राउंडवर सराव चालू आहे, दुसऱ्या गिअरपर्यंत आलीये.

तू जानेवारीत येतेयस ना, तर तिकडून तिच्या मापाचे रायडिंग ग्लोव्ज आण. तिचा हात माझ्यापेक्षा लहान आहे, इथल्या दुकानात सगळे ढगळ होतात. पैसे तीच देणार म्हणतेय, तेव्हा नको म्हणू नकोस.

तुझीच,
शमी