काळ्या टेललाइटवर कारवाई कधी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोपरखैरण्यात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. स्टार्टर, हॉर्न, हेडलाइट, बॅटरी ही रोजची कामं. अलीकडे मात्र एक काम वारंवार दारात येतं आणि मी ते परत पाठवतो. टेललाइट काळे करून देण्याचं. कोणी ऑनलाइन मागवलेली फिल्म घेऊन येतो, कोणी स्प्रेचा डबा. मी नाही म्हटलं की पोरगा गाडी वळवून दुसरीकडे जातो आणि तासाभरात काम करून घेतो. चार पैसे बुडाल्याचं मला काही वाटत नाही. ती गाडी त्याच रात्री पामबीच रस्त्यावर कोणाच्या तरी पुढे धावणार, याची काळजी वाटते.

"काका, लाइट लागते ना? मग प्रॉब्लेम काय?" हा ठरलेला प्रश्न. त्याच्यामागोमाग दुसरा, "कायद्यात कुठे लिहिलंय?"

लिहिलेलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०५ सांगतो की अंधारात गाडीच्या मागचे दोन लाल दिवे १५५ मीटरवरून दिसले पाहिजेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाला येईल तसा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे.

यावर हुशार पोरं म्हणतात, कलम ५२ तर आरसीवरच्या, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरच्या नोंदींबद्दल आहे; तिथे टेललाइटचा रंग कुठे लिहिलेला असतो, मग आम्ही आरसीशी विसंगत काय केलं? पण १५५ मीटरच्या नियमाचा आरसीशी काही संबंध नाही. दिवा दिसला पाहिजे एवढंच तो नियम मागतो, आणि फिल्म चिकटवली की तिथेच घोळ होतो.

हा घोळ किती मोठा, ते गाडीवाल्यांना ठाऊक नसतं. साध्या बल्बच्या टेललाइटमध्ये एकाच बल्बात दोन तारा असतात. रात्रीच्या दिव्याची ५ वॅटची, ब्रेकची २१ वॅटची. या दोन उजेडांतला फरक पाहूनच मागच्याला कळतं की पुढचा थांबतोय. फिल्म लावली की ब्रेकचा उजेड इतका उतरतो की दुपारच्या उन्हात पुढच्याने ब्रेक दाबलाय की नाही, हेच समजत नाही. रात्री आपल्या सोसायटीत उभं राहून "दिसतंय की" म्हणणाऱ्याने एकदा भर दुपारी तुर्भ्याच्या बाजूला, सूर्य गाडीच्या मागून येत असताना पाहावं.

त्याहून वाईट गत होते रिफ्लेक्टरची. टेललाइटच्या काचेत एका कोपऱ्यात मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक खणांची लाल पट्टी असते. तिला वायर नाही की बल्ब नाही. मागच्या गाडीचा उजेड घेऊन ती परत पाठवते. गाडी बंद पडली, बॅटरी गेली, तरी ती काम करते. फिल्मने निम्मा उजेड अडवला तर बल्बचा निम्मा तरी बाहेर येतो. रिफ्लेक्टरच्या उजेडाला मात्र फिल्म दोनदा ओलांडावी लागते, आत जाताना एकदा आणि परत येताना एकदा. म्हणजे उरतो पाव. आणि बाजारात मिळणाऱ्या गडद फिल्म निम्म्यावर थोड्याच थांबतात!

घणसोलीचा एक मुलगा एका बाजूची फिल्म घरीच लावून आला होता. दुसऱ्या बाजूला बुडबुडे येत होते म्हणून माझ्याकडे आला. मी त्याला म्हटलं, थांब जरा, अंधार पडू दे. दुकानामागच्या गल्लीत गाडी बंद करून उभी केली, चावी काढून घेतली आणि मागून, बऱ्याच अंतरावरून, माझ्या स्कूटरचा हेडलाइट मारला. डावीकडे लालभडक ठिपका चमकला. उजवीकडे काहीच नाही. गाडी तिथे संपते की आणखी आहे, तेही कळेना. मागून येणाऱ्याला ती कार नव्हे, डाव्या हाताला उभी असलेली एखादी बाइक वाटली असती. पोरगा बघतच राहिला. हीट गनने फिल्म काढून दिली, पैसे घेतले नाहीत. फिल्म निघते तरी. स्प्रे मारलेला असला तर काच घासावी लागते, आणि घासताना ती धुरकट होते. मग नवा लॅम्पच घ्यावा लागतो.

एक गोष्ट स्पष्ट करतो. काही गाड्यांना कंपनीकडूनच गडद काचेचे टेललाइट येतात. त्यांत दिवा आणि काच यांचा मेळ घालून, चाचणी करूनच मंजुरी घेतलेली असते. त्यांच्यावर माझं काही म्हणणं नाही. मंजूर झालेल्या काचेवर वरून काळं थापणं ही वेगळी गोष्ट आहे.

याचा भुर्दंड कोण भरतो तेही सांगतो. एपीएमसीच्या घाऊक बाजारात भाजी आणणारा माझा एक टेम्पोवाला गिऱ्हाईक पावसाळ्यात शिळफाट्याच्या अलीकडे अशाच एका कारला मागून धडकला. पुढे पाण्याचे फवारे, कारचे दिवे काळे, ब्रेक लागल्याचं त्याला दिसलंच नाही. जमलेल्या लोकांनी एका वाक्यात निकाल दिला की मागून ठोकणाराच चुकतो. भरपाई त्याने खिशातून केली. टेललाइटकडे कोणी मान वळवूनही पाहिलं नाही. याच माणसाला टेम्पोच्या फिटनेस तपासणीला जायचं तर मागची चकाकती पट्टी जराशी फाटलेली चालत नाही. कारवाल्याची नोंदणी एकदा झाली की १५ वर्षं कोणी तपासायचं नाही. हा कुठला न्याय?

गाडीच्या खिडक्यांच्या काचांवरील काळ्या फिल्मविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा आदेश एप्रिल २०१२ मध्ये आला, त्यानंतर ठाण्यात आणि नवी मुंबईत पोलिसांनी कितीतरी फिल्म जागच्या जागी सोलून काढल्या. काचेची फिल्म समोरून दिसते म्हणून ती पकडली जाते. नाकाबंदीत पोलीस गाडीच्या पुढे किंवा चालकाच्या बाजूला उभे असतात. माझी ठाणे आणि नवी मुंबई वाहतूक पोलिसांना विनंती आहे की घोडबंदर रस्ता, पामबीच आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या नाकाबंदीत एका हवालदाराला गाडीच्या मागे उभं करावं आणि चालकाला ब्रेक दाबायला सांगावा. अर्धा मिनिट लागतो.

दुसरी विनंती परिवहन विभागाला. पीयूसी काढणारा माणूस नळी घालायला गाडीच्या मागेच जातो, नंबर प्लेटचा फोटोही काढतो. दोन्ही टेललाइट त्याच्या डोळ्यासमोर असतात. ते काळे केलेले असतील तर पूर्ववत करून आणेपर्यंत प्रमाणपत्र देऊ नये, असा आदेश काढावा. फिल्म काढून देणारे आम्ही दुकानदार जागोजाग आहोत, गाडीवाल्याला लांब जावं लागणार नाही.

आपला वाचक,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन,
कोपरखैरणे, नवी मुंबई