दादरच्या फ्रेमवाल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

माझं लोकरीचं भरतकाम भिंतीवर लागलं. बिल चुकतं झालं, पण तुमच्या दुकानातल्या गर्दीत दोन शब्द बोलायचे राहून गेले, म्हणून हे जाहीर पत्र.

ओळख पटावी म्हणून सांगते, माहीमच्या किनाऱ्यावरच्या होड्या घेऊन आलेली मी. जाळीच्या कॅनव्हासवर टेंट स्टिचने, म्हणजे छोट्या तिरप्या टाक्यांनी, भरलेल्या. घरात त्यावरून वाद चालला होता. मुलाला त्याची उशी हवी होती, ह्यांना हॉलमध्ये सोफ्याच्या वर भली मोठी फ्रेम. एका दुकानात तर काम नीट उलगडायच्या आत 'पुठ्ठ्यावर चिकटवून देतो' म्हणाले. तुम्ही फ्रेमच्या पट्ट्यांचे नमुने काढलेच नाहीत. विचारलंत, "भिंत बाहेरची की आतली?"

आमची हॉलची भिंत पश्चिमेची. पावसाळ्यात सगळा मारा तिच्यावर, रंगाला पोपडे येतात, आणि एरवी दुपारभर ऊन. ओल आली की बुरशी येणार आणि उन्हाने लोकरीचा रंग उडाला की तो परत येत नाही, हे तुम्ही सांगितलंत. ह्यांची तरी खात्री पटेना. तेव्हा तुम्ही म्हणालात, संग्रहालयात जुन्या कापडांवर एवढा मंद दिवा का असतो ते विचारा. साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप), त्याहून जास्त नाही. शेवटी पॅसेजमधली आतली भिंत ठरली. हे अजून थोडे रुसलेले आहेत, पण ते असू द्या.

दुसरी गोष्ट तिरकेपणाची. टेंट स्टिचचा प्रत्येक टाका एकाच दिशेने तिरपा जातो, त्यामुळे चौकोनी कॅनव्हास एका कोपऱ्याकडे ओढला जातो. तो तसाच फ्रेममध्ये दाबला असता तर माझ्या होड्या जन्मभर कलंडलेल्या राहिल्या असत्या. तुम्ही आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने रंग सुटतो का ते पाहिलंत, मग काम दमट करून फळीवर ताणलंत आणि गंज न धरणाऱ्या टाचण्या मारल्यात. गुण्या लावून कोपरे तपासलेत, वर दोन्ही कर्णही मोजलेत. पावसाळी हवेत ते वाळायला वेळ लागला. मी फोन करून करून तुमचं डोकं खाल्लं, तरी तुम्ही घाई केली नाहीत.

गोंदाचा थेंबही लागला नाही, याचं मला फार अप्रूप आहे. मागच्या बाजूने जाड सुती दोऱ्याने बाजेच्या विणीसारखं ताणून बांधलंत, तेही अ‍ॅसिड-फ्री बोर्डवर, कारण साध्या पुठ्ठ्यातलं आम्ल काही वर्षांनी कापड पिवळं करतं. उद्या पुन्हा काढायचं झालं तर दोरा कापला की मोकळं.

काचेवरून आपलं जरा वाजलं होतं. मला काच नकोच होती, लोकरीचा उठाव दिसावा म्हणून. पण रेल्वेलाइनजवळच्या धुळीत राहणाऱ्यांनी हा हट्ट धरू नये, हे तुमचं खरं. जुलैत इथे आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर जाते, तेव्हा काच लोकरीला टेकता कामा नये म्हणून मध्ये पट्टी घालून फट ठेवलीत. मी चकाकी नसलेली महागडी काच मागितली, तर 'कामापासून एवढी फट ठेवली की ती धुरकट दिसते' म्हणून साधीच बसवलीत. गिऱ्हाईक जास्त पैसे द्यायला तयार असताना असं सांगणारा दुकानदार विरळा. आणि फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना चिकटवलेल्या त्या बुचाच्या चकत्या! भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळती राहते, हे आता मी येणाऱ्या-जाणाऱ्याला फ्रेम तिरकी करून दाखवते.

पुढच्या आठवड्यात माझी मैत्रीण तिचं काम घेऊन तुमच्याकडे येईल. तिला ते चहाच्या ट्रेमध्ये बसवायचंय. मी समजावून थकले, आता तुम्हीच बघा.

आपली,
होड्यावाल्या ताई (तुमच्या पावतीवर हेच नाव आहे)