त्या पाच ज्युरर्सचीही आठवण व्हावी

महोदय,

१ ऑगस्ट जवळ आला की पुण्यात शाळाशाळांतून वक्तृत्व स्पर्धांची तयारी सुरू होते. डोक्यावर लाल पगडी, खांद्यावर उपरणे घेतलेली मुले 'ज्यूरीने दोषी ठरवले असले तरी मी निर्दोष आहे' हे लोकमान्यांचे उद्गार म्हणतात, तेव्हा आजही अंगावर काटा येतो. पण ज्यूरी (खटल्यात दोषी की निर्दोष हा कौल देणारे नागरिक) म्हणजे सरकारच्या तालावर नाचणारे नऊ जण, एवढेच मुलांच्या मनात ठसते. हा त्या नऊपैकी दोघांवर अन्याय आहे.

टिळकांवरील १९०८च्या राजद्रोहाच्या खटल्यात सात युरोपियन आणि दोन पारशी ज्युरर होते. कौल पडला सात विरुद्ध दोन. १८९७च्या राजद्रोहाच्या खटल्यातही सहा युरोपियनांनी दोषी म्हटले आणि तिघा भारतीयांनी निर्दोष. पुराव्याला धरून खरा निर्णय देऊ, अशी शपथ सगळ्यांनीच घेतली होती. इंग्लंडमध्ये त्या काळी बाराही ज्युरर्सचे एकमत लागे. इथे नऊपैकी सहा जण आणि न्यायाधीश एका मताचे झाले की काम भागे. म्हणजे इंग्लंडच्या नियमाने टिळक दोन्ही वेळा दोषी ठरलेच नसते!

कोणी म्हणेल, निर्दोष म्हणणाऱ्या त्या पाच जणांनीही (१८९७चे तिघे, १९०८चे दोघे) आपल्या माणसाचीच बाजू घेतली. मला हे पटत नाही. १९०८मध्ये पुरावा होता 'केसरी'तल्या मराठी लेखांचा, आणि ज्यूरीपुढे होती त्यांची इंग्रजी भाषांतरे. ती मुळाला सोडून आहेत, हे टिळकांनी स्वतः बाजू मांडताना तास न् तास दाखवून दिले. मूळ मजकूर वाचताच येत नाही, भाषांतराबद्दल वाद आहे, अशा वेळी शपथेला जागणारा माणूस 'दोषी' म्हणायला धजेल कसा? सरकारचा रोष ओढवण्याची भीती होतीच. तरी ते डगमगले नाहीत.

१९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागा उरली नाही. ती पद्धत परत यावी असे माझे म्हणणे नाही. केसरीवाड्यातील आणि शाळांतील कार्यक्रमांत लोकमान्यांच्या उद्गारांसोबत सहा-तीन आणि सात-दोन हे कौलही सांगितले जावेत, एवढीच कळकळीची विनंती आहे. स्पर्धांचे विषय ठरवणाऱ्या शिक्षकांनी यंदापासूनच हे मनावर घ्यावे.

– एक वाचक, नारायण पेठ, पुणे