अमरावती ते गोंदिया अर्ध्या तासात होत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

16 एप्रिल 2025 ला अमरावतीच्या, बडनेऱ्याजवळच्या बेलोरा विमानतळाहून मुंबईचं विमान सुरू झालं तेव्हापासून आमच्या दर्यापूरकडं पोट्ट्यांच्या मोबाईलवर एक हिशोब फिरून राह्यला. बेलोरा ते गोंदियाचं बिरसी विमानतळ सरळ रेषेत पावणेतीनशेच्या वर किलोमीटर, एटीआर म्हणजे पंख्यांच्या छोट्या विमानाचा स्पीड ताशी पाचशेच्या आसपास, म्हणजे अर्ध्या तासात गोंदिया, तर हे विमान लवकर सुरू करा.

माझं म्हणणं आहे की अंतर भागिले स्पीड एवढ्यानं विमानाचा टाइम निघत नाही. तुम्ही मुंबईचंच पाहा ना. बेलोरा ते मुंबई सरळ साडेपाचशेच्या आत-बाहेर, म्हणजे या हिशोबानं तास-सव्वा तास, पण विमान सुरू झालं तेव्हा टाइमटेबलात जवळपास पावणेदोन तास होते. कारण टाइम धरतात तो जागेवरून हललं तिथपासून तिकडं जागेवर उभं राहीपर्यंत. धावपट्टीच्या टोकाला जायचं, जिकडून वारा येत असेल तिकडं तोंड करून उडायचं, मग वळायचं, वर चढताना आणि खाली येताना स्पीड पाचशे नसतोच, आणि मुंबईत तर उतरायला पण लाईन असते. बिरसीला तेवढी गर्दी नाही, तरी पाऊण-एक तास धराच.

आता घरापासून मोजा. गावातून बेलोऱ्याला जायला दीड-दोन तास, उड्डाणाच्या तास-दीड तास आधी पोचायचं, तास विमानात, बिरसीहून गोंदिया शहर गाठायला अजून अर्धा-पाऊण तास. झाले की पाच तास! बडनेऱ्याला विदर्भ एक्सप्रेस किंवा महाराष्ट्र एक्सप्रेस धरली तर दोन्ही गाड्या थेट गोंदियाला जातात, बडनेऱ्याहून त्यांना पाच-सहा तास लागतात, आणि तिकीट मजुराला परवडते.

हे मी विमानाच्या विरोधात नाही लिहीत. मुंबईला पेशंट न्यायचा असला तर रात्रभराचा रेल्वे प्रवास वाचतो, ती फार मोठी सोय झाली, ते विमान टिकलंच पाहिजे. पण गोंदियासाठी नुसत्या अर्ध्या तासाच्या आशेवर आमच्या पोरांनी निवेदनं लिहू नये असं मनापासून वाटते.

माझी मोठी बहीण गोंदियाजवळच्या आमगावला दिली आहे. मागच्या हिवाळ्यात ती अचानक आजारी पडली, आम्ही बडनेऱ्याहून जनरल डब्यात चढलो, नागपूरपर्यंत टेकायला जागा नाही, बायको साठ वर्षांची, ती दरवाज्यापाशी पिशवीवर बसून आली. त्या दिवशी भाचा फोनवर म्हणाला मामा, विमान असतं तर अर्ध्या तासात आले असते. मी तेव्हा काही बोललो नाही पण डोक्यात तेच बसलं, आणि घरी आल्यावर कागद घेऊन हा सगळा हिशोब मांडला.

म्हणून विनंती आहे की तुमच्या पेपरात विमानाची बातमी देताना हवेतल्या टाइमासोबत घरून निघाल्यापासूनचा टाइम पण छापत जा. आणि मागणी करायचीच असली तर दोन करा, एक म्हणजे विमानाच्या टाइमावर बेलोऱ्याहून दर्यापूर, अचलपूर, मोर्शीकडं एसटी, आणि दुसरं म्हणजे या दोन गोंदिया गाड्यांना जनरलचे डबे वाढवून द्या.

आपला एक जुना वाचक,
ता. दर्यापूर, जि. अमरावती